खडकापासून शंभर पावलं

गोळी माझ्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावरच्या ओकच्या झाडात घुसली. झाडाच्या सालीची एक कपची उडून माझ्या गालात रुतली. ज्याने ती गोळी झाडली तो माझा मित्र दोन तासांनी माझ्याच गाडीत, माझ्या शेजारी बसून म्हणाला, "काही झालं का? नाही ना? मग सोड ना यार."

ही २००५ सालची गोष्ट. मधे इतकी वर्षं गेली, पण ते "सोड ना यार" आठवलं की माझी कानशिलं आजही तापतात.

आम्ही दोघं अमेरिकेतल्या पार्सिपनीत राहायचो, एकाच ऑफिसात होतो. तो नागपूरचा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी २००१ मध्ये पुण्याहून दोन बॅगा घेऊन आलो तेव्हा मला एअरपोर्टवर घ्यायला तोच आला होता. तीन आठवडे मी त्याच्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये, हॉलमधल्या सोफ्यावर झोपलो. वहिनींनी मला रोज डबा दिला. हे सगळं मी विसरलो नव्हतो, आणि खरं सांगायचं तर हेच मला नडलं. ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याला तोंडावर काही बोलायचं नाही, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं असतं.

शिकारीचा विषय निघाला तो माझ्या घराशेजारच्या म्हाताऱ्यामुळे. सत्तरी ओलांडलेला, प्लंबरच्या कामातून निवृत्त झालेला माणूस. आमच्या मागच्या अंगणात हरणं येऊन बायकोने लावलेले टोमॅटो आणि भेंडी फस्त करायची, आणि तो कुंपणापलीकडून हसायचा. "त्यांनी तुझी भाजी खाल्ली, आता तू त्यांना खा," म्हणायचा. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात त्याची एक लाकडी केबिन होती. दरवर्षी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हरणांचा हंगाम सुरू झाला की तो आणि त्याची मुलगी तिथे जायचे. मुलगी नर्स होती, चाळिशीच्या आसपासची. आमच्या पुण्याच्या घरी अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं ठेवायचे, पण मला जंगलात चालायला फार आवडतं. मी त्याला विचारलं, मी येऊ का? तो म्हणाला, शिकारीचा कोर्स कर, लायसन्स काढ, मग ये.

मी हे ऑफिसात बोललो आणि मित्र उसळलाच. "मला सोडून जातोस? मीपण येणार."

कोर्स आम्ही बरोबर केला. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कोणाच्याही दिशेने जाऊ द्यायची नाही. लक्ष्य आणि त्याच्या पलीकडे काय आहे ते दिसल्याशिवाय चापावर बोट ठेवायचं नाही. लेखी परीक्षेत मित्राला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले. ते त्याने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

मग म्हाताऱ्याने आम्हाला सरावाला नेलं. मित्राला त्याने स्वतःची जुनी रायफल दिली होती. तिसऱ्या की चौथ्या गोळीला नेम अचूक बसला आणि मित्र आनंदाने गर्रकन वळला. रायफल कमरेशी आडवी, बोट चापाच्या आत. नळी आधी माझ्या पोटावरून गेली आणि मग ट्रकमध्ये वाकून काहीतरी शोधत असलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीवरून. म्हाताऱ्याला ते दिसलं नाही. मला दिसलं. पण मी बोललो नाही. चारचौघांत त्याला कसं टोकायचं? वयाने मोठा. शिवाय तो इतका खूश होता. मी म्हणालो, "भारी मारलंस!"

हे मी म्हणालो.

सोमवारी आम्ही चौघं केबिनपाशी होतो. बर्फ नव्हता, पण जमीन कडक झाली होती, पाचोळा पायाखाली कुरकुरत होता. सगळ्यांच्या अंगावर भडक नारिंगी जॅकेट, डोक्यावर नारिंगी टोप्या. म्हाताऱ्याने काठीने जमिनीवर नकाशा काढला. दोन टेकड्यांच्या मधे एक चिंचोळी घळ, तिच्यातून ओढा. त्याची मुलगी आणि मी हाकारे. खालच्या तोंडाकडून आम्ही बंदुकीशिवाय आत शिरायचं आणि ओरडत, काठ्या आपटत वर चालत जायचं. घळीच्या वरच्या टोकाला एका बाजूला म्हातारा, दुसऱ्या बाजूला, एका मोठ्या खडकाशी, मित्र. आमच्या आवाजाने हरणं उठणार आणि त्या दोघांच्या मधून निघून जाणार.

"हरीण तुला ओलांडून मागे गेलं, तरच गोळी," म्हातारा मित्राला म्हणाला. "समोर माझी मुलगी आणि तुझा मित्र आहे. समोर गोळी नाही. कधीही नाही. आणि मी येऊन नेईपर्यंत त्या खडकापासून हलायचं नाही. काय सांगितलं मी?"

मित्राने हसत हसत सगळं म्हणून दाखवलं. मग मला मराठीत म्हणाला, "केजीच्या पोरांसारखं काय वदवून घेतो हा?"

पहिल्या हाक्यात एक मादी निघाली, पण ती म्हाताऱ्याच्या बाजूने गेली आणि त्याने सोडून दिली. मित्राला काहीच दिसलं नाही. तो वैतागला होता. दुपारच्या आधी तीच घळ पुन्हा हाकायची असं ठरलं.

मुलगी माझ्या उजवीकडे पन्नासेक पावलांवर होती. आम्ही आळीपाळीने "हो, हो" ओरडत चाललो होतो, म्हणजे एकमेकांची ओळ मोडत नाही. मध्ये दाट झुडपं होती. अचानक पुढे फांद्या मोडल्याचा आवाज झाला आणि एक मोठा नर ओढ्यावरून आडवा उडी मारून गेला. मी त्याच्याकडे बघत असतानाच फटका बसल्यासारखा आवाज झाला, आणि शेजारचं झाड फुटलं. मला वाटलं, फांदी तुटली. मग गालाला गरम काहीतरी लागलं.

"खाली पड!" ती किंचाळली. "पड, पड!"

मी पडलो. तोंडात पाचोळा गेला. ती पडल्या पडल्याच ओरडत होती, "आम्ही इथे आहोत! गोळीबार थांबवा!" मग वरून शिट्टी आली, तीनदा. तीन शिट्ट्या म्हणजे सगळं बंद, बंदुका रिकाम्या.

मान वर करून पाहिलं तर समोर झुडपांत मित्र उभा. खडकापाशी असायला हवा होता तो. तिथून शंभर पावलं खाली, आमच्याकडे, ओढ्याच्या काठाशी आला होता. तिथून जास्त चांगलं दिसेल असं त्याला वाटलं. नर आडवा पळाला, हा नळीने त्याचा पाठलाग करत गेला, आणि ती नळी आमच्यावर आली तेव्हा याने चाप ओढला. आमचे आवाज त्याला ऐकू येत होते. "लांब वाटले," असं तो म्हणाला.

म्हातारा टेकडीवरून उतरत आला. इतक्या वयाचा माणूस, पण जवळजवळ पळत. स्वतःची रायफल त्याने उघडून रिकामी केली होती. आधी त्याने मुलीच्या खांद्याला हात लावला, मग माझ्या. मग मित्रासमोर उभा राहून अगदी हळू आवाजात म्हणाला, "खाली ठेव. नळी तिकडे कर. आता मागे सरक." मित्राने ठेवली. म्हाताऱ्याने तिच्यातल्या गोळ्या काढून खिशात घातल्या.

"तुझा दिवस संपला. माझ्याबरोबरचे सगळेच दिवस संपले."

मुलीने माझ्या गालातली कपची चिमट्याने काढली, पट्टी लावली. तिचे हात स्थिर होते. काम झाल्यावर मात्र ती जवळच्या एका झाडाला टेकून खाली बसली.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो आणि मित्र बोलत होता. म्हातारा ओव्हररिॲक्ट करतो. गोऱ्या लोकांना आपल्याला अपमानित करायला निमित्तच हवं असतं. नर केवढा होता बघितलास ना? मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखली. त्याने एकदाही विचारलं नाही, गाल दुखतोय का. त्याच्या घरासमोर उतरताना म्हणाला, "तुझ्या वहिनीला सांगू नको हं. उगाच घाबरेल."

मी तेव्हाही काही बोललो नाही. घरी आल्यावर बायकोने पट्टी उघडून बघितली, आणि सगळं ऐकून ती माझ्यावरच भडकली. "त्याने तुझ्यावर गोळी झाडली आणि तू त्याला घरी सोडून आलास?"

दोन आठवड्यांनी त्याच्याकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचं जेवण. जायचं नाही असं मी म्हणत होतो, पण वहिनींचा दोनदा फोन आला. वीसेक माणसं होती. वहिनींनी नागपुरी पुडाच्या वड्या केल्या होत्या. जेवणं चालू असताना कोणीतरी माझ्या गालावरच्या खुणेबद्दल विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत मित्रानेच गोष्ट सुरू केली. वहिनींना सांगू नको म्हणणारा हाच. त्याने ती अशी रंगवली की सगळे पोट धरून हसले. हरीण कसं उडालं, मी कसा पाचोळ्यात तोंड घालून पडलो, म्हातारा कसा शिट्ट्या फुंकत आला. "अजून दोन इंच इकडे असता तर याचंच मटण झालं असतं!"

वहिनी हसल्या नाहीत. हातातला डाव तसाच धरून त्या म्हणाल्या, "तू उभा कुठे होतास? तुला जागा दिली होती ना त्यांनी?"

"अगं, थोडा पुढे गेलो होतो."

"का?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

आणि मग माझा बांध फुटला. मी ताट खाली ठेवलं ते जोरात आपटलं. म्हणालो, "थोडा नाही, शंभर पावलं. मी मोजली आहेत. समोर गोळी मारायची नाही, हे तू स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवलंस आणि त्याच सकाळी समोर मारलीस. आमचे आवाज ऐकत मारलीस. मेलो असतो तर माझ्या आईला फोन कोण करणार होता? तू? काय सांगणार होतास, की नर मोठा होता?"

मित्र म्हणाला, "माझ्या घरी येऊन माझ्यावर ओरडतोस? विसरलास का कोणाच्या सोफ्यावर झोपायचास?"

"नाही विसरलो," मी म्हणालो. "म्हणूनच इतके दिवस गप्प होतो. चूक केली."

बायकोने दोघांचे कोट आणले आणि आम्ही निघालो. वहिनी दारापर्यंत आल्या. लोकांनी नंतर मलाच समजावलं. एवढं ताणायचं नसतं, तो मनाने चांगला आहे, त्याला किती वाईट वाटलं. गोळी कोणाच्या कानाजवळून गेली याच्यापेक्षा पार्टी कोणी बिघडवली याचा लोकांना जास्त राग होता.

पण सगळ्यात जास्त लागलं ते म्हाताऱ्याचं बोलणं. जानेवारीत एका सकाळी आम्ही दोघं आपापल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो. मन मोकळं करावं म्हणून मी त्याला सरावाच्या दिवसाबद्दल सांगितलं. नळी त्याच्या पाठीवरून कशी गेली ते. तो फावडं टेकून उभा राहिला.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तरी तू माझ्या मुलीला त्याच्यासमोर चालू दिलंस."

तो घरात निघून गेला. अर्धा बर्फ तसाच राहिला. मी तीन दिवस त्याच्यावरही धुमसत होतो. गोळी मी झाडली नव्हती. मीच मरता मरता वाचलो होतो. मग हा मला का सुनावतो? चौथ्या दिवशी, उत्तर मला माहीत आहे हे कबूल करण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. मित्राच्या बेफिकिरीला शिक्षा झाली. माझी भीड मात्र सगळ्यांना गोड स्वभाव वाटत होती, आणि ती त्या घळीत माझ्याबरोबर चालत होती. म्हाताऱ्याच्या मुलीच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली. "पुढच्या वेळी त्याच क्षणी ओरड," एवढंच म्हणाली.

मित्र वर्षभरात शिकागोला नोकरी घेऊन गेला. वहिनींचा दिवाळीला फोन येतो. तो फोनवर येत नाही, मीही त्याला बोलवा म्हणत नाही.

पुढच्या हंगामाच्या आधी म्हाताऱ्याने कुंपणावरून विचारलं, "येणार आहेस का?" मी गेलो. तिघंच होतो. सकाळी ओढा ओलांडायची वेळ आली. दगड शेवाळलेले होते आणि म्हातारा भरलेली रायफल खांद्याला अडकवून पहिल्या दगडावर पाय ठेवत होता.

"थांबा," मी म्हणालो. "आधी गोळ्या काढा."

तो वळला. चेहरा लाल. "तुझ्या जन्माच्या आधीपासून हा ओढा ओलांडतोय मी."

"असाल. पडलात तर नळी मागे येणार, आणि मागे आम्ही दोघं आहोत. गोळ्या काढा."

मागून मुलगी म्हणाली, "काढा, बाबा."

तो काहीतरी पुटपुटला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याने एकेक करून गोळ्या काढल्या, रायफल उघडी करून माझ्या हातात दिली आणि ओढा ओलांडला. पलीकडे गेल्यावर मी ती उघडीच त्याला परत दिली. त्या दिवशी आम्हाला हरीण मिळालं नाही, आणि केबिनमध्ये सूप पिताना म्हातारा संध्याकाळपर्यंत कुरकुरत होता की या माणसाला एकदा बोलायला काय शिकवलं, आता हा गप्पच बसत नाही.