पंधरा मिनिटांचा नियम

“मग सात वर्षं तू तिथे करत काय होतीस?” नवऱ्याने कागद टेबलावर आपटला. “हे तुझ्याच ऑफिसने छापून दिलंय, मी नाही लिहिलेलं. अवघड तक्रारी: स्वतः सोडवल्या, अकरा. पुढे पाठवल्या, सहाशे चाळीस. सात वर्षांत अकरा!”

“जरा हळू. पोरगी अभ्यास करतेय.”

“पोरगी ऐकतेय,” आतल्या खोलीतून आवाज आला. “अकरा म्हणजे दोन टक्क्यांपेक्षाही कमी.”

“तू तुझं गणित कर गं!”

“तेच करतेय, बाबा.”

सासूबाई खिडकीपाशी भाजी निवडत बसल्या होत्या. चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, तरी बोलणं अजून वर्गातलंच होतं. “मला बापडीला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही,” त्या देठ खुडत म्हणाल्या. “पण प्रगतिपुस्तकात नापास लिहिलेलं असलं ना, की पोर घरी किती हुशार आहे हे पालकांनी मला कितीही सांगितलं तरी मी कधी ऐकून घेतलं नाही.”

“आई, मी नापास नाही झालेले. मी परीक्षाच दुसऱ्याच्या नावाने लिहिली.”

“म्हणजे त्याहून वाईट,” सासूबाई म्हणाल्या.

आणि ते खरं होतं.

ऑफिसात तिला नावाने फार कमी लोक ओळखत. तिथे ती ‘बावीस’ होती. कंपनीतल्या कॉम्प्युटरच्या तक्रारी घेणाऱ्या हेल्पडेस्कवर तिच्या टेबलावरच्या फोनचा तो नंबर. “बावीसला लाव, बावीस सोडवेल,” असं एक खातं दुसऱ्या खात्याला सांगायचं. काही जणांनी तिला कधी पाहिलेलंही नव्हतं. लिफ्टमध्ये तिचा आवाज ऐकून ते चमकून मागे बघत, “अरेच्चा, तुम्हीच का बावीस?”

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी वडिलांनी अंथरूण धरलं आणि तिचं शिक्षण तिथेच थांबलं. मग या कंपनीत टेलिफोन बोर्डावर लागली. बोर्ड मोडीत निघाला तेव्हा वरच्यांनी विचार केला की हिला फोन उचलता येतो, हिला हेल्पडेस्कला बसवा. पहिले सहा महिने तिला एकच औषध माहीत होतं, बंद करून पुन्हा चालू करा. पण ती चिकट. कुणी यंत्र दुरुस्त करून निघाला की त्याच्या मागे मागे जायची. “नक्की काय केलंत? त्याआधी काय बघितलंत? आणि ते नसतं जमलं तर?” लोक वैतागून सांगून टाकत. घरी कुकर लावून ओट्यापाशी उभ्याने ती जाडजूड पुस्तकं वाचायची. पानांना हळदीची बोटं लागायची. नवरा म्हणायचा, ही सर्व्हरला फोडणी देतेय.

हेल्पडेस्कला एक नियम होता, पंधरा मिनिटांचा. तेवढ्यात तक्रार सुटली नाही तर ती वरच्या टेबलाकडे पाठवायची. न पाठवता वेळ उलटली, तर नावासमोर लाल खूण. बाकीच्यांना लाल खुणांचं काही वाटायचं नाही. महिनाअखेरीला मोजून हसायचे. पण ते सगळे पदवीवाले होते. तिला वाटायचं, एक जरी लाल खूण लागली तर कुणीतरी विचारेल, ही कोण? मग माझी फाइल काढतील, शिक्षणाचा रकाना बघतील आणि म्हणतील, बरोबर आहे, हिला बसवलंच कुणी इथे?

म्हणून चौदाव्या मिनिटाला ती तक्रार पुढे पाठवून द्यायची. फोन मात्र ठेवायची नाही. विसाव्या, पस्तिसाव्या मिनिटाला गाठ सुटायची, तिच्याच हातून. मग वरच्या टेबलावरच्या माणसाला कळवायची, झालंय, असं असं केलं. तो तक्रार बंद करायचा. साहजिकच त्याच्या नावावर. रोज टाय लावून यायचा म्हणून सगळे त्याला टायवाले म्हणत. माणूस वाईट नव्हता. आपलं नाव फुकट मोठं होतंय हे त्याला कळत होतं आणि त्याचा त्याला संकोचही वाटायचा. तरी ‘नको’ मात्र कधी म्हणाला नाही.

असं सात वर्षं चाललं. गुरुवारी सर्व्हर विभागाच्या प्रमुखांनी तिला बोलावलं. हे गृहस्थ इतके कमी बोलत की त्यांना मौनीबाबा नाव पडलं होतं.

“माझ्याकडे एक जागा आहे,” ते एक छापील कागद तिच्यापुढे सरकवत म्हणाले. “तुझं काम मला माहीत आहे. पण कागद माझं ऐकत नाही. पदवी नाही, आणि पदवीऐवजी दाखवायला हे आकडे. कायम जागा देता येणार नाही. तीन महिने काम कर. जमलं तर राहशील.”

“आणि नाही जमलं तर?”

“हेल्पडेस्कची तुझी जागा तोवर भरलेली असेल. सोमवारी सांग.”

मौनीबाबांच्या हिशेबाने हे भाषणच झालं. ती ‘बरं’ म्हणून बाहेर आली. तेव्हापासून भाजीत मीठ दोनदा पडत होतं. आज शनिवार होता.

“आधी घरबसल्या पदवी घे,” नवरा आता जरा खालच्या पट्टीत बोलत होता. “तीन वर्षं. मग जा खुशाल.”

“तीन वर्षांनी मी एकेचाळीसची असेन. तोवर ती जागा माझी वाट बघत बसेल का?”

“दुसरी निघेल.”

“सात वर्षांत ही पहिली निघाली.”

“अगं, पण हातातली पक्की नोकरी सोडून तीन महिन्यांच्या बोलीवर? गेलं वर्ष विसरलीस?”

ती विसरली नव्हती. गेल्या वर्षी त्याची कंपनी बंद पडली आणि आठ महिने तो घरी होता. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसायचा, दाराची बेल वाजली की दचकायचा. तो तिच्या वाटेत आडवा येत नव्हता, घाबरला होता. आणि त्याची भीती आपल्या भीतीपेक्षा वेगळी नाही, हे तिला सगळ्यात जड जात होतं. त्याच्याशी भांडताना तिला स्वतःचीच वाक्यं परत ऐकू येत होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. टायवाले होते.

“बावीस, सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय. गोदामातला लेबलांचा प्रिंटर बंद आहे. काल संध्याकाळी तूच पुढे पाठवलेली तक्रार. फाटकाशी गाड्या खोळंबल्यात. काय करू तेवढं सांग पटकन, मी बंद करून टाकतो.”

काल ही एकच तक्रार तिने खरोखर अर्धवट सोडली होती. मन ठिकाणावर नव्हतं. तिने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं.

“माझ्याकडे परत पाठवा,” ती म्हणाली.

“अं?”

“तक्रार. माझ्या नावावर परत पाठवा.”

“अगं, वेळ कधीच उलटून गेलीय. हात लावलास की लाल खूण लागेल.”

“लागू दे.”

“बरं,” टायवाले म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

ती लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली. पोरीने गणिताची वही मिटली. नवरा दारात येऊन उभा राहिला. शुक्रवारी सर्व्हरवर काही बदल झाले होते, म्हणून तिने आधी तिकडे पाहिलं. छपाईच्या रांगेत अडकलेलं सगळं काढून टाकलं. काही नाही. पुन्हा सुरू केलं. काही नाही. वीस मिनिटं झाली. सर्व्हर ठीक दिसत होता. सगळंच ठीक दिसत होतं. उरलं काय होतं? की तिला हे येत नव्हतं, एवढंच. आजवर पुढे पाठवायची वाट मोकळी होती म्हणून जमत होतं.

तिने गोदामातल्या माणसाला फोन लावला.

“दादा, काल प्रिंटरला काय केलंत?”

“काही नाही, मॅडम. देवाशपथ, हात नाही लावला.”

“प्रिंटरला नाही. आजूबाजूला? काही हलवलं, झाडलं?”

“छे. टेबल तेवढं सरकवलं. गाडी वळत नव्हती ना आतमध्ये.”

“मग वायर?”

“वायर आखूड पडली. म्हणून शेजारच्या भोकात खुपसली. भोकं काय, सगळी सारखीच!”

तिने डोळे मिटले. “सारखी नाहीत, दादा. ते शेजारचं हजेरीच्या मशीनचं आहे. तुमचा प्रिंटर तिथे गेल्यावर सर्व्हरला सापडत नाही. एखादी लांब वायर बघा आणि पुन्हा जुन्या जागी लावा.”

“लांब वायर कुठून आणू?”

“पाचव्या रॅकच्या मागे गुंडाळलेली एक आहे. निळी.”

“तुम्हाला हो कसं माहीत?”

“तुम्हीच मार्चमध्ये सांगितलं होतंत, पाय अडकून पडलात तेव्हा.”

फोन त्याने कुठेतरी ठेवला. टेबल ओढल्याचा आवाज आला, कुणीतरी कुणावर खेकसलं, मग बराच वेळ काहीच नाही. मग करकर करत लेबल निघू लागलं. एक, आणि लगेच पाठोपाठ कितीतरी.

“निघाली, मॅडम! थांबायचं नाव नाही आता.”

तिने तक्रार बंद केली. ‘सोडवली’ या शब्दापुढे तिचं नाव आलं आणि त्याच्या शेजारी लाल खूण. ती त्या खुणेकडे बघत राहिली. आता भीती उतरेल म्हणून ती थोडा वेळ बसली. उतरली नाही. सोमवारी, मंगळवारी, पुढचे तीन महिने ती अशीच सोबत राहणार असं दिसत होतं.

“सुटलं?” नवऱ्याने विचारलं.

“सुटलं.”

“भोकामुळे?” पोरगी म्हणाली. “एवढा वेळ फक्त भोकामुळे?”

“हो.”

बाहेर सासूबाई भाजी निवडून हात पुसत होत्या. ती लॅपटॉप मिटून बाहेर आली, तसे बाकीचे दोघेही तिच्यामागून आले. ती बसली नाही.

“सोमवारी मी सर्व्हरवाल्यांना हो सांगणार आहे,” ती म्हणाली. “तीन महिन्यांच्या बोलीवर. हेल्पडेस्कच्या जागेवर दुसरं कुणीतरी येईल. नाही जमलं, तर मी दुसरी नोकरी शोधेन.”