संत इसहाकसाठी जुबैलला नेलेली मेणबत्ती

इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. धाकट्या मायकलच्या नोकरीला धक्का लागेल या भीतीने हात उचलला जात नव्हता. काल त्यानेच "लिहा पप्पा" म्हटलं.

आम्ही वसईचे. माझ्या बायकोला, मारीला, काचबिंदू आहे. ऑपरेशन नीट झालं तर उरलेली नजर टिकेल. आमच्या फादरांनी एकदा संत इसहाकविषयी सांगितलं होतं. तो आखाताच्या किनाऱ्यावर जन्मला, इराकातल्या निनवेचा बिशप झाला, पण काही महिन्यांतच पद सोडून एकांतात गेला. वाचून वाचून त्याचे डोळे गेले. देवाची दया साप-किड्यांनाही पुरते, असं तो शिकवायचा. मायकल सौदीत जुबैलला कंपनीत आहे, तिथे वाळूत जुनं चर्च सापडलंय, हे मारीला ठाऊक. "त्याच्या मुलखात एक मेणबत्ती लावून या," म्हणाली.

सौदीत आपली उघड प्रार्थना चालत नाही, म्हणून मेणबत्ती मी चकल्यांच्या डब्यात तळाशी लपवली. दम्मामच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबाने डबा उघडला, चकलीचा वास घेतला आणि "यल्ला", म्हणजे चला, म्हणून सोडलं. तिथून जुबैल मोटारीने साधारण तासभर. रस्ता गुळगुळीत आहे, पण पाणी जवळ ठेवा.

मायकलची शिफ्ट होती. त्याने ओळखीच्या, रत्नागिरीकडच्या सलीमभाईंना गाडी घेऊन पाठवलं. "पप्पा, तिथे काही पेटवू नका हां, माझा इकामा जाईल," असं फोनवर बजावलं. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. मी हो म्हटलं, पण मेणबत्ती रुमालात गुंडाळून गाडीच्या पुढच्या काचेशी ठेवलीच. वाटेत कबसा खाल्ला. कोंबडी-भाताच्या एका ताटात दोघांचं भागतं, खिशालाही जड नाही.

चर्चला तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप. आत नुसत्या भिंती. इसहाक इथे कधी आला होता का, कुणालाच ठाऊक नाही. रुमाल उघडला तर मेण वितळून कापडाला चिकटलेलं, मधे वात.

"सलीमभाई, अपशकुन झाला हो!"

"कसला अपशकुन, चाचा? तुमची मेणबत्ती सूर्याने लावली. तुम्ही लावली असतीत तर आपण दोघंही आत!"

मला हसू आलं नाही. कुंपणाला हात लावून प्रार्थना केली. घाबरून अर्धी विसरलो.

घरी मारीने तो रुमाल बोटांनी चाचपला. "उभे राहिलात ना तिथे?"

"राहिलो. पण मारी, ज्याचे स्वतःचे डोळे गेले, त्याच्याकडे डोळे कसे मागायचे?"

"म्हणून तर त्याला कळेल," ती म्हणाली आणि रुमाल उशीखाली सरकवला.

तिचा घोर संपला, माझा नाही. सोमवारी ऑपरेशन आहे. जुबैलला कुणी असाल तर कुंपणाशी जरा उभे राहा, माझी राहिलेली अर्धी प्रार्थना म्हणा. मेणबत्ती नको. फक्त सोमवारच्या आत मला कळवा.