गुळाच्या पाकातले पॉपकॉर्न आणि जाऊबाईंचं नाक

आमच्या पॉपकॉर्नच्या पाकिटामागे कंपनीचा इतिहास छापलाय. तो धादांत खोटा आहे. म्हणे आजीची गुप्त पाककृती! कसली आजी अन् कसलं गुपित! आमच्या सासूबाईंनी जन्मात पॉपकॉर्न तोंडात टाकलं नाही, दातात अडकतं म्हणायच्या. हे सगळं माझ्या पुतण्याचं डोकं. कंपनी आता तोच चालवतो. मी त्याला म्हटलं, "अरे, जिवंत बायका समोर बसल्या आहेत, त्यांना विचार की!" तर म्हणतो, "काकू, लोकांले आजीच लागते." लागते तर लागो. खरं काय ते मी सांगते.

संक्रांत होती. माझी थोरली जाऊ, म्हणजे या पुतण्याची आई, तिळाच्या चिक्कीसाठी गुळाचा पाक करत होती आणि तीळ कमी पडले. पाक काही कोणासाठी थांबत नाही, गार झाला की दगड. मी पोरांसाठी मक्याच्या लाह्या फोडून परातीत ठेवल्या होत्या. जाऊबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि माझी परात उचलून सरळ कढईत उपडी केली. मी जाम भडकले. "आता पोरं काय खातील?" तर म्हणाल्या, "हेच खातील. चूप बस वं." पोरांनी कढईसुद्धा खरवडून खाल्ली. म्हणजे पाक त्यांचा आणि लाह्या माझ्या, असा आमच्या कंपनीचा जन्म झाला.

मग शाळेचा आनंदमेळा, मग शेजारपाजारची बारशी, मग नागपूरच्या इतवारी बाजारातला एक किराणावाला. दोघींचे नवरे ऑफिसात कारकून. संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर पाकिटांची तोंडं चिकटवायला बसायचे. बोटं भाजली की एकमेकांवर खेकसायचे, आणि आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसायचो. घरभर गुळाचा वास. साड्यांना, चादरींना, पोरांच्या दप्तरांनासुद्धा. फरशी इतकी चिकट व्हायची की चालताना पायाखाली चटचट वाजायचं. आता ते दोघेही नाहीत. शहराच्या टोकाला बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही सगळे एकत्र राहतो, फरशी आरशासारखी चकचकते, आणि मला त्या चिकट फरशीची फार आठवण येते.

पुढे नागपूरलगतच्या वाडीला गोदाम घेतलं. लाह्या फोडायला मशीन आलं, पाकिटं बंद करायला मशीन आलं, पण पाक जाऊबाईंच्या हातातून कोणी काढून घेतला नाही. कोण घेणार? आमच्या घरची रीत अशी की पहिला घाणा देवाला दाखवल्याशिवाय कोणी चाखायचा नाही. आणि करणारीने तर कढईपुढे असताना जिभेला थेंबही लावायचा नाही, सगळं उष्टं होतं. त्यामुळे सगळी भिस्त जाऊबाईंच्या नाकावर. गुळाचा पाक मुळातच काळपट, करपायला लागला तरी डोळ्यांना कळत नाही. पाण्यात थेंब टाकून पाहिला तर तो कडक झाला एवढंच समजतं, कडू झाला की नाही ते समजत नाही. पण गोड वास जरासा खरपूस झाला रे झाला, की जाऊबाई कढई उतरवायच्या. एकदाही चुकल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला आणि त्या चांगल्याच आडव्या झाल्या. उठल्या तशा परत वाडीला जायला लागल्या. उन्हाळा तोंडावर आला, तेव्हा तक्रारींचे फोन सुरू झाले. "वहिनी, माल कडू लागून राहिला." मी आधी गूळवाल्याचा समाचार घेतला. तो बिचारा गळ्याची शपथ घेऊन सांगत होता की गूळ तोच आहे. जाऊबाईंवर शंका घ्यायचं तर माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि गंमत म्हणा की मूर्खपणा, रीत पाळायच्या नादात देवाला दाखवून झाल्यावरही आमच्यापैकी कोणी माल चाखतच नव्हतं.

मग कूलर लावायचा दिवस आला. नागपुरात कूलरच्या वाळ्यावर पहिलं पाणी पडतं तेव्हा सगळं घर नाक वर करून बसतं. यंदा पुतण्याने वाळ्याऐवजी ती कागदी जाळी बसवून आणली. पाणी सोडलं मात्र, खोलीभर ओल्या पुठ्ठ्याचा आणि डिंकाचा वास! मी नाकाला पदर लावला. तेवढ्यात दिवाणावरून जाऊबाई म्हणाल्या, "वा! वाळ्याचा वास कसा मस्त सुटला, नाही?"

पुतण्या बाहेर गेल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"ताई, वास येत नाही ना तुम्हाले?"

त्यांनी कूलरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तापानंतर गेला तो गेलाच. वाटलं, येईन परत."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय? पोरगा पाकाचं मशीन आणन अन् मले घरी बसवन. कढईपुढं उभी राहते म्हणून मी कोणी तरी आहे वं. नाही तर काय, दिवाणावरची म्हातारी."

मला रागही आला आणि रडूही आलं. मी म्हटलं, "अन् लोकांनी कडू खायचं?" हे बोलायला नको होतं, पण खरं तेच होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वाडीला गेल्या गेल्या त्यांनी स्वतःच मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, मशीन तर आणावंच लागन. पण एक कढई तुझीच राहीन. काकू जवळ असल्या तरच."

"असन ना," जाऊबाई म्हणाल्या. "इचं तोंड चालते तसंच नाकही चालत असन."

मी कढईजवळ उभी राहिले. इतकी वर्षं गुळाच्या वासात राहून मी कधी एवढा जीव लावून वास घेतला नव्हता. गूळ उकळला, फेसाळला, दाट झाला. वास फिरला तसा मी त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी झटकन कढई उतरवली, लाह्या ओतल्या, खालून वर हलवल्या. थोड्या गार झाल्या तशी देवाची वाटी भरायच्या आधीच त्यांनी एक दाणा उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"ताई, देवाचं व्हायचं आहे अजून!"

"देव थांबन. खा तू."

मी खाल्ला. त्या माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

"कडू आहे?"

"नाही. चांगलं झालं."

"चांगलं तर गिऱ्हाईक म्हणते. कसं लागते ते सांग." त्यांनी एक दाणा स्वतःच्याही तोंडात टाकला. "मले नुसतं गोड लागून राहिलं. अन् कुरकुर वाजते. बाकी काहीच नाही."

मी दिवसभर वटवट करणारी बाई, पण चव कधी कोणाला सांगितली नव्हती. मग जमेल तसं सांगत गेले. आधी गूळ लागतो, गुऱ्हाळातल्या ताज्या गुळासारखा. मग दाढेखाली दाणा फुटला की भाजल्याचा खमंगपणा येतो. मग एकदम जिभेच्या मागे जरासं कडसर, कडू नाही, कडसर, आणि ते गेलं की पुन्हा गोड. त्या डोळे मिटून माझ्या बोलण्याबरोबर सावकाश चावत होत्या. मी थांबले तशी त्यांनी परातीतून आणखी दोन दाणे घेतले. एक मला दिला, एक आपल्या तोंडात टाकला.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "हळूहळू सांग."