प्रश्नाचा सत्कार

झेंडूच्या हारांचा वास आला की मला आमच्या कॉलेजचं सभागृह आठवतं. पत्रकं वाटून आम्ही आमदारांना प्रश्न विचारायचा कार्यक्रम ठेवला होता, पण सगळा वेळ सत्कारांतच गेला. शेवटी नांदूरघाटची मैत्रीण न राहवून उठली. "साहेब, सकाळची एसटी बंद झाली. आमी पोरींनी यायचं कसं? घरचे कॉलेज सोड म्हणत्यात." साहेब हसले. "लई धीट हाय की पोरगी! हिचा बी सत्कार करा." प्राचार्यांनी तिच्या हातात नारळ दिला, टाळ्या पडल्या आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. बाहेर येताच ती मला म्हणाली, "घरी काय सांगू रे, नारळ मिळाला?" त्यानंतर ती कॉलेजात दिसली नाही. आता कुठे पाहुणा म्हणून गेलो आणि कुणी मला हार घालायला आलं, की मी आधी माईक मागतो आणि तिचा प्रश्न विचारतो. नांदूरघाटची सकाळची एसटी अजून बंदच आहे.