खोटं न बोललेल्या मंदाताई

सिस्टर मंदा परब, आमच्या मंदाताई, पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. मी त्यांना प्रथम पाहिलं ते ऐंशीच्या दशकात, बोरिवलीतल्या एका खासगी मनोरुग्णालयात. मी नवी परिचारिका, त्या बायकांच्या वॉर्डच्या प्रमुख. पहिल्याच सकाळी त्यांनी मला बजावलं, पेशंटला हात लावण्याआधी तिला विचारायचं. डोकं ठिकाणावर नसलं तरी अंग तिचंच आहे. बाई भारीच कडक दिसतात, असं मनात आलं. होत्याच त्या कडक.

औषध नाकारणाऱ्या पेशंटला तिथे ते चहातून देत. कडू लागू नये म्हणून साखर जास्त घालत. घरोघरी नातेवाईकही तेच करत आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. ताई मात्र तसा चहा स्वतः देत नसत, आणि कुणी विचारलंच तर खोटं सांगत नसत.

गोराईच्या हिराबाईंना त्यांच्या दिरांनी आणून टाकलं. मासळी विकणारी बाई, नवरा गेल्यापासून तिला माणसांचा संशय येऊ लागलेला. मनाविरुद्ध दाखल करायला कायद्याने मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. आमच्याकडे दिराची सही पुरली. एके दिवशी हिराबाईंनी चहाचा घोट घेतला आणि ताईंना सरळ विचारलं, यात काय घातलंय? ताई म्हणाल्या, "औषध आहे, बाय. तुला न सांगता घातलंय, हे चुकलं."

हिराबाईंनी कप खाली ठेवला. त्यानंतर रुग्णालयातलं पाणीसुद्धा त्यांनी तोंडाला लावलं नाही.

डॉक्टरांनी ताईंना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. ताईंनी गोराईला निरोप धाडून हिराबाईंच्या बहिणीला बोलावलं. तिने आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकट हिराबाई जेवल्या. ते पाहून आम्हां सगळ्यांना हायसं वाटलं. पण डॉक्टरांचा अहंकार दुखावला होता ना! हे हॉस्पिटल आहे, खानावळ नाही, असं म्हणून त्यांनी घरचा डबा बंद केला. मग नाकातून नळी घालून दूध द्यायचं ठरलं. हिराबाईंचे हात बांधायला ताईंनी साफ नकार दिला, तेव्हा त्यांना त्याच घटकेला वॉर्डाबाहेर काढलं. हात दोन वॉर्डबॉयनी बांधले. झटापटीत दूध छातीत गेलं, न्यूमोनिया झाला आणि हिराबाई गेल्या.

सत्याला मरण नाही म्हणतात. नसेल! माणसाला असतं.

चौकशीत सगळ्यांनी आजाराकडे बोट दाखवून काखा वर केल्या. ताईंनी मात्र चहापासून दोरीपर्यंत सगळं सांगितलं. नोकरी गेली, आणि पुढे बराच काळ उपनगरातल्या एकाही नर्सिंग होमने त्यांना दारात उभं केलं नाही. याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. लागलं ते दुसरंच. चौकशीनंतर हिराबाईंची बहीण शांतपणे त्यांना म्हणाली, "तू खोटं बोलली असतीस ना बाय, तर माझी बहीण जगली असती."

ताई म्हणाल्या, "हो. जगली असती."

पुढे ताईंनी कितीतरी मुलींना हे काम शिकवलं. माझ्या आईच्या आजारपणात रोज मुलुंडला येऊन तिला आंघोळ घातली, तीही तिला विचारूनच. पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या सचोटीचं कौतुक पानोपानी असेल. त्यांना ते रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. मागच्याच महिन्यात त्या मला म्हणाल्या, हिराबाईला मीच मारलं गं.

मंदाताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि त्या आयुष्यात एकदा तरी त्यांना पटो, की ते हात त्यांनी बांधले नव्हते.