शून्य किलोची शेतं

जामखेडच्या कचेरीत पिकांचे आकडे तपासणारे एक कारकून होते; ते आकडेमोडीच्या यंत्राचं हँडल फिरवत बसायचे. चहा कधी येईल विचारलं, तर म्हणायचे, "पाच ते पंधरा मिन्टं." नेमका आकडा सांगणाऱ्यावर त्यांचा भरवसाच नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात मी तलाठी होतो. गावात पीक किती आलं ते ठरवायला, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या बारा शेतांतली बाजरी कापून, वजनं लिहून कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी सरासरी काढली. मग गावाची खरी सरासरी कुठून कुठपर्यंत असू शकेल, ते काढलं आणि हँडल सोडलं.

"अंतर लईच कमी येतंय. दुष्काळात समद्यांची बाजरी सारखी? भाऊसाहेब, वाळल्याली शेतं सोडून शेजारची कापली व्हय?"

हा माणूस कधी खुर्ची सोडून शिवारात आला नव्हता!

"तिथं कापायला काही नव्हतंच," मी पुटपुटलो.

"मग शून्य लिवायचं. ह्या फुगल्याल्या आकड्यावर गावाला दुष्काळी काम मिळनार न्हाई."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, वर स्वतःचं पेन ठेवलं. ओरडले नाहीत, साहेबांकडेही गेले नाहीत.

बारापैकी नऊ शेतांपुढे मी शून्य लिहिलं, तेव्हा कुठे मला माझं गाव दिसलं.