परक्या उशाशी

पॅसिफिकमधल्या एका बेटावर आमची सुमन तिथल्या आजारपणांचा, रीतीभातींचा अभ्यास करते. काल तिनं फोनवर व्हिडिओ पाठवला. चटईवर एक म्हातारी पडलीय आणि सुमन तिला पानांच्या पंख्यानं वारा घालतेय. म्हणते, "बाबा, आजाऱ्याला इथं एकटं सोडत नाहीत. पाळीनं बसतात. आज माझी पाळी."

शहाणी रीत आहे. आपल्याकडं लोक डॉक्टर कोणता ते विचारतात आणि उठतात.

बायको दिवाळीपासून खाटेवर आहे. आता ती उठायची नाही. पोरीला कळवलेलं नाही. शिकायला गेलीय, रडायला नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

बायकोनं व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग विचारलं, "अहो, त्या म्हातारीला लेक नाही का?"

"असेल की," मी म्हणालो. "गेली असेल कुठंतरी लांब."